अंदाजात वीस सेंटिमीटर, पायाखाली किती?

डिसेंबर उजाडला की मुंबईकरांचे गुलमर्गचे बेत शिजू लागतात आणि आमच्याकडे पत्रं येऊ लागतात. यंदाची बहुतेक पत्रं मोबाइलवर दिसणाऱ्या हिमाच्या आकड्याबद्दल आहेत. उत्तरांआधी एका शब्दाचं ठरवून घेऊ. मराठीत फ्रीजमधल्या खड्याला बर्फ म्हणतात आणि आभाळातून पडतो तोही बर्फच. स्की पायात चढवली की या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. म्हणून इथे पडतं ते हिम आणि घट्ट गोठतो तो बर्फ.

प्रश्न : गुरुवारसाठी एक ॲप गुलमर्गला २० सेंमी हिम दाखवतंय, दुसरं ४ सेंमी. गाव तेच, दिवस तोच. विश्वास कुणावर ठेवायचा? (दादर)

दोन्ही बरोबर असू शकतात, कारण गुलमर्ग म्हणजे तेराशे मीटरचा चढ आहे. हॉटेलं आणि गोल्फचं मैदान साधारण २६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या केबल कारचा, पहिला टप्पा ३१०० च्या आसपास कोंगडोरीला संपतो आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर ३९५० च्या जवळपास. वर जाताना तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. हॉटेलच्या दारात शून्य असेल तेव्हा वरच्या स्थानकावर उणे आठ असतं. एका ॲपने खालचा आकडा दिला आणि दुसऱ्याने वरचा, तरी एवढा फरक सहज पडतो.

शिवाय अंदाज काढणारं संगणकाचं मॉडेल जगाकडे चौकटींतून पाहतं. अमेरिकेच्या जीएफएसची चौकट सुमारे १३ किलोमीटरची, युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफची ९ किलोमीटरची. तेरा किलोमीटरच्या एका चौकटीत गुलमर्ग, त्याच्या पाचशेक मीटर खालचं टंगमर्ग आणि अफरवटचा उतार असं सगळंच मावतं. मॉडेल त्याची सरासरी उंची धरतं आणि कडे-घळी गुळगुळीत करून टाकतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस कोसळला, तेव्हा कुलाब्याची नोंद ७३ मिमी होती. मुंबईच्या सपाटीवर ही तऱ्हा, तर गुलमर्गच्या पीर पंजाल डोंगररांगेच्या धारेवर एका आकड्याने किती भागणार?

म्हणून सेंटिमीटर बाजूला ठेवा आणि त्याच पानावर मिलिमीटर शोधा. मॉडेल मुळात पाणी मोजतं, त्याचं हिम करण्याचा हिशेब ॲप करतं आणि बहुतेक ॲपं सरसकट एकास दहा धरतात, म्हणजे १ मिमी पाण्याचं १ सेंमी हिम. प्रत्यक्षात तापमान शून्याच्या जवळ असेल तर हिम ओलं आणि जड पडतं, १ मिमीचं जेमतेम अर्धा ते पाऊण सेंमी होतं. ढगात उणे बारा ते उणे अठराच्या दरम्यान थंडी असली की फांद्या फुटलेले मोठे स्फटिक तयार होतात, ते एकमेकांवर पोकळ रचले जातात आणि त्याच १ मिमीचं दीड-दोन सेंमी भरतं.

समजा गुरुवारला १८ मिमी दाखवलंय. खाली तापमान उणे एक, वर उणे नऊ. खाली ०.८ ने गुणा, सुमारे १४ सेंमी. वर १.४ ने गुणा, सुमारे २५ सेंमी. वर वारा दांडगा असेल तर स्फटिक आपटून मोडतात आणि घट्ट बसतात, तेव्हा २५ चे २० धरा. हे सगळं कागदाच्या कपट्यावर दोन मिनिटांत होतं आणि ॲपच्या तयार आकड्यापेक्षा जास्त खरं निघतं. डोंगरांसाठीची खास संकेतस्थळं पायथा, मध्य आणि माथा असे तीन वेगळे अंदाज देतात. त्यांतला माथ्याचा आकडा पाहून हरखून जाऊ नका. पहिल्यांदा जाणारा माणूस सगळे दिवस पायथ्याशीच काढतो.

प्रश्न : 'फ्रीझिंग लेव्हल २९०० मीटर' असं लिहिलंय. आमचं हॉटेल २६५० वर. म्हणजे आमच्याकडे पाऊस पडणार का? (बोरिवली)

काठावरचा मामला आहे. ही शून्य अंशाची उंची आहे, पण हिमाचा कण तिथे पोचल्या क्षणी वितळत नाही. वितळायला त्याला आणखी दोन-तीनशे मीटर पडावं लागतं. तुमचं हॉटेल अडीचशे मीटर खाली, म्हणजे तिथे दीडेक अंश तापमान आणि गिच्च, चिकट हिम किंवा पाऊस-हिमाची खिचडी.

इथे सरीचा जोर बघायचा. हिम वितळताना आजूबाजूच्या हवेतली उष्णता खातं, त्यामुळे जोरदार वृष्टीत हवा गार होत जाते आणि हिमरेषा खाली सरकते. संध्याकाळी रिमझिम पाऊस आणि रात्री धो धो हिम असं त्यामुळेच होतं. उलट रात्रभर नुसती भुरभुर राहिली तर पाऊस पावसासारखाच राहतो. टंगमर्गला मात्र या स्थितीत पाऊसच धरून चाला.

या पावसाची खरी किंमत दुसऱ्या दिवशी मोजावी लागते. आधीच्या हिमात पाणी मुरतं, रात्री आभाळ निवळलं की सगळं गोठतं आणि सकाळी वरचा थर लादीसारखा कडक होतो. अंदाजात वृष्टीच्या दिवशी +१ आणि पुढच्या पहाटे −६ दिसलं, तर सकाळी लवकर स्कीवर जायची घाई करू नका.

प्रश्न : विमानाची तिकिटं दोन महिने आधी काढावी लागतात. इतक्या आधी हिमाचा अंदाज कसा बघायचा? (मुलुंड)

बघायचाच नाही. पंधरा दिवसांपुढचा सेंटिमीटरचा आकडा ॲपवर दिसत असला तरी तो नुसता भरतीचा आहे. काश्मीरचं हिम पश्चिमी झंझावात आणतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने सरकत येणारे हे पट्टे हिवाळ्यात एकामागून एक येत राहतात, पण त्यांतले मोजकेच दांडगे असतात. असा एखादा निघालाय हे आठवडाभर आधी कळतं. किती हिम पडेल हे तीन दिवस आधी सांगता येतं आणि कुठल्या तासांत, हे आदल्या दिवशी. त्यातही मॉडेल दिवसातून चार वेळा नव्याने चालतं. चारही वेळा आकडा १५ ते २० च्या आत राहिला तर भरवसा ठेवा. सकाळी ३०, दुपारी ५, रात्री २२ असं चाललं असेल, तर मॉडेललाच अजून उमगलेलं नाही असं समजा.

तिकिटं काढताना अंदाज नको, ऋतू बघा. काश्मिरी लोक कडक थंडीचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलाँ, मग २० दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे १० दिवस चिल्लई बच्चा. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा आमच्या मते त्यातल्या त्यात बिनधोक काळ. नाताळच्या गर्दीत जाणाऱ्यांना तपकिरी गवत बघायची तयारी हवी. आणि खात्री कधीच नसते. जानेवारी २०२४ चा बहुतेक महिना गुलमर्ग उघडंबोडकं होतं. २०२५ मध्ये फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा हिमाअभावी मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

दोन गोष्टी मात्र तुमच्या हातात आहेत. तीन रात्रींऐवजी पाच-सहा रात्री ठेवा, म्हणजे मध्ये एखादा झंझावात येऊन जायला जागा राहते. आणि परतीच्या विमानाआधी एक रात्र श्रीनगरला काढा. जोरदार हिमवृष्टीत श्रीनगरची उड्डाणं रद्द होतात आणि टंगमर्ग ते गुलमर्ग या घाटात चाकांना साखळ्या लावल्याशिवाय किंवा फोर बाय फोरशिवाय गाड्या सोडत नाहीत. हवामान खात्याचा केशरी किंवा लाल इशारा असेल तर त्या दिवशी घाट चढायचा बेत ठेवू नका, आदल्या दिवशीच वर पोचा.

प्रश्न : परदेशातल्या रिसॉर्टच्या अहवालात 'बेस १४०, न्यू ०, पॅक्ड पावडर' असं असतं. याचा अर्थ काय आणि आपल्याकडे असं कुठे मिळतं? (विलेपार्ले)

बेस म्हणजे जमिनीपासून साचलेली एकूण जाडी. ती कुठे मोजली हे विचारा, कारण बऱ्याचदा डोंगरावरच्या मोजखुंटीचा आकडा ठळक छापतात. न्यू म्हणजे ताजं हिम, पण ते २४ तासांचं, ४८ चं की ७२ चं, हे बारीक अक्षरात असतं. आपल्या हवामान खात्याची २४ तासांची नोंद सकाळी साडेआठला संपते. त्यामुळे आज सकाळी नऊनंतर पडलेलं सगळं हिम उद्याच्या आकड्यात जातं. ताजं हिम दबतंही. सकाळचे ३० सेंमी दोन दिवसांत वीसवर आले तर ते वितळलेच असं नाही, बरेचदा बसलेले असतात. म्हणून रोजचे ताजे आकडे मिळवून बेसशी ताळा घालू नका, तो जमत नाही.

पॅक्ड पावडर म्हणजे यंत्राने किंवा वर्दळीने दाबलेलं, पण कोरडं हिम. नवशिक्यासाठी यासारखं सुख नाही. यंत्राच्या रोलरने कॉर्डरॉयच्या पँटसारख्या रेघा उमटलेला उतार सकाळी दिसला तर तो सगळ्यांत आधी गाठा. पावडर म्हणजे न दाबलेलं ताजं हिम, तांदळाच्या पिठीसारखं. फोटोत तेच असतं, पण पहिल्याच सहलीत गुडघाभर पिठीत स्की बुडली की पडायचं आणि स्की शोधायची एवढंच काम उरतं. क्रस्ट म्हणजे वर कडक पापुद्रा आणि आत भुसभुशीत. पापुद्रा तुटून पाय अडकतो आणि गुडघे दुखावतात. कॉर्न म्हणजे उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांतलं रवाळ हिम.

आपल्याकडे असा नेटका दैनिक अहवाल दुर्मीळ. फोन करून विचारणं हाच उपाय, पण 'बर्फ है क्या?' असं विचारलं तर उत्तर नेहमी 'हाँ जी, बहुत है' असंच येतं. हॉटेलवाला किंवा गाईड यांना असे प्रश्न टाका : "कल फेज टू चला क्या? कितने बजे तक?" "गोल्फ कोर्स पे घास दिख रही है?" "रात को आसमान साफ था कि बादल?" फेज टू म्हणजे गोंडोलाचा दुसरा टप्पा. पहिल्या प्रश्नावरून वाऱ्याचा अंदाज येतो, दुसऱ्यावरून पायथ्याची जाडी कळते आणि तिसऱ्यावरून सकाळी पृष्ठभाग गोठला असेल का ते. पायथ्याच्या उतारांवर शिकायला तीस-चाळीस सेंमी दबलेलं हिम असलं तरी भागतं. फोटो मागवलात तर आजचाच मागवा, आणि त्यात एखादं कुंपण किंवा बाक असू द्या, म्हणजे जाडी कळते.

तिथे पोचल्यावर मूठभर हिम हातमोज्यात घेऊन दाबून बघा. गोळाच होत नसेल, पिठासारखं सुटत असेल तर कोरडं. गोळा नीट झाला तर ओलसर. चौपाटीवरच्या गोळ्यासारखं दाबताच पाणी ठिबकलं, तर दुपारी जेवायला जाण्याची वेळ झाली.

प्रश्न : रात्रभर ६० सेंमी हिम पडलं, सकाळी लख्ख ऊन. तरी गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद. ऊन असताना बंद ठेवण्यात काय अर्थ आहे? (गिरगाव)

ऊन आहे म्हणूनच माणसं वर जातील आणि नेमका तोच दिवस सगळ्यांत धोक्याचा. हिमस्खलनाची भीती हिमवृष्टीनंतरच्या पहिल्या २४ ते ४८ तासांत सर्वाधिक असते. ६० सेंमी एका रात्रीत पडलं की खालच्या थराला ते वजन पेलायला वेळच मिळत नाही. त्यात वारा असेल तर धारेच्या एका बाजूचं हिम उचलून दुसऱ्या बाजूला, आडोशाच्या उतारावर आणून टाकतो. खाली ६० सेंमी नोंदलेलं असताना वर एखाद्या घळीत दीड मीटर साचलेलं असतं. ते दाबून रचलेलं असल्यामुळे एकसंध लादी होते आणि तुटली तर लादीसारखीच सुटते. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार यासाठी कुप्रसिद्ध आहेत, आणि स्कीला मजा येते ती नेमकी याच उतारांवर.

आता खालच्या थराचं. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडंसंच हिम पडलं आणि नंतर महिनाभर आभाळ कोरडं राहिलं, तर त्या पातळ थराच्या तळाशी जमिनीची ऊब असते आणि वरून रात्रीची कडक थंडी. तळातली वाफ वर सरकत राहते आणि स्फटिकांचं रूपांतर सुट्या, टोकदार दाण्यांत होतं. ताटात जाड साखर पसरा, त्यावर चिक्कीची लादी ठेवा आणि ताट हळूहळू तिरकं करा. लादी कधी सटकते ते डोळ्यांनी दिसेल. म्हणून कोरड्या डिसेंबर-जानेवारीनंतर आलेला पहिला मोठा झंझावात पर्यटकांना देवासारखा वाटला तरी गस्तीवाल्यांची झोप उडवतो. २०२४ मध्ये कोरड्या जानेवारीनंतर फेब्रुवारीत जोरदार हिम झालं आणि २२ फेब्रुवारीला गुलमर्गच्या वरच्या भागात हिमस्खलनात एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. त्याआधी १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर असेच दगावले.

दुसरा टप्पा बंद असतो तेव्हा गस्त पथक उतार तपासत असतं आणि गरज पडली तर धोकादायक हिम मुद्दाम पाडतं. हे काम गोंडोलासमोरच्या राखलेल्या भागापुरतंच असतं. त्या भागाच्या हद्दीला लावलेल्या दोरीपलीकडचा उतार कुणी तपासलेला नसतो. चंदीगडची संरक्षण खात्याची संस्था, डीजीआरई, जिल्हावार हिमस्खलनाचे इशारे देते. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं, तेव्हा तो जिल्हा बघा. युरोपात वापरतात त्या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ३ म्हणजे 'मधलं, म्हणजे ठीकच' असं लोकांना वाटतं. ३ ला 'लक्षणीय धोका' म्हणतात आणि जीवघेणे अपघात मोठ्या संख्येने याच पायरीवर होतात, कारण ४ ला माणसं घाबरून घरी थांबतात. दोरीपलीकडे जायचंच असेल तर माहितगार गाईड, प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायला संदेश देणारं-घेणारं यंत्र), आणि पाठीवर शोधकाठी व फावडं. गाडलेल्या माणसाला जिवंत काढायला पहिली दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात, खालून मदत येईपर्यंत ती संपतात.

कधी कधी मात्र टप्पा नुसत्या वाऱ्याने बंद असतो. तो अंदाज तुम्हाला आदल्या रात्री घरबसल्या बांधता येईल. साध्या ॲपचा वारा खोऱ्यातला असतो, त्यावर जाऊ नका. विंडीसारख्या ॲपवर उंची बदलून ६०० हेक्टोपास्कल ही हवेच्या दाबाची पातळी निवडा. ती पातळी साधारण ४२०० मीटरवर, म्हणजे अफरवटच्या माथ्याजवळ येते. तिथे दिवसभर जोराचा वारा दिसला तर दुसऱ्या टप्प्याच्या तिकिटावर दिवसाचा बेत उभा करू नका.

प्रश्न : आमची रजा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच आहे. काही उरलेलं असेल का? (चेंबूर)

वर असतं, खाली नशीब. मार्चमध्ये घड्याळ सांभाळलं तर स्की छान होते. पृष्ठभाग दुपारी वितळतो आणि रात्री गोठतो. सकाळी आठला बर्फाची काच, दहाच्या सुमारास वरचे दोन-तीन सेंमी सैल होऊन रवा, आणि दुपारी एकनंतर चिखल. पूर्वेचा उतार आधी सैल होतो, पश्चिमेचा उशिरा, उत्तरेचा कधी कधी होतच नाही. अंदाजात किमान तापमान आणि रात्रीचे ढग बघा. ढगाळ रात्री गोठणं होत नाही आणि सकाळपासूनच चिखल तुडवावा लागतो.

प्रश्न : औलीत कृत्रिम हिमाची यंत्रं आहेत म्हणे. मग हिम नाही पडलं तर पाडत का नाहीत? (परळ)

उत्तराखंडातल्या औलीत २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी यंत्रं बसवली गेली. पण यंत्राला थंडी लागते, आणि नुसत्या थर्मामीटरची नव्हे. पाण्याचे थेंब हवेत गोठायला ओल्या फडक्याचं तापमान, ज्याला वेट बल्ब म्हणतात, उणे दोनच्या खाली हवं. कोरड्या नागपुरात कूलर चालतो आणि दमट मुंबईत घामच येतो, तसाच हा हिशेब. हवा उणे एक अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल तर ओलं फडकं उणे पाचपर्यंत जातं, यंत्र चालतं. तेच उणे एक, पण दमट धुकं असेल तर नळीतून नुसतं पाणी.

दुसरी अडचण पाण्याची. १ घनमीटर पाण्याचं जेमतेम दोन-सव्वादोन घनमीटर हिम होतं. ३०० मीटर लांब, ३० मीटर रुंद असा छोटा शिकाऊ उतार ३० सेंमी झाकायला सुमारे बारा लाख लिटर पाणी लागेल. आपल्या सोसायटीत येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एकशेवीस खेपा.

प्रश्न : तापमान उणे दहा दाखवतंय. सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा बरोबर आहे. झेपेल का? (कांदिवली)

वारा किती, ते आधी बघा. उणे दहाला वारा नसेल आणि ऊन असेल तर तास-दोन तास बाहेर काढणं जड नाही. त्याच उणे दहाला ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या चेहऱ्याला ते उणे वीससारखं लागतं. मुलाचे गाल, नाक, कान दर पंधरा मिनिटांनी बघा. कातडी पांढुरकी पडून तिथे 'लागत नाही' म्हणाला तर चोळू नका, लगेच आत आणा आणि तळहाताची ऊब द्या. सासूबाईंना वरच्या टप्प्याला न्यायचं असेल तर हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे का हे निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या. मुंबईहून निघून दुसऱ्या दिवशी ३९५० मीटरवर जाणं हे तरुणांनाही जाणवतं.

आणि चष्म्याचं कुणीच विचारलेलं नाही म्हणून सांगतो. ताजं हिम अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परतवतं, तेव्हा मुलालाही गॉगल हवाच. पण एकच काळी काच घेऊ नका. ढगाळ दिवशी आभाळ आणि उतार दोन्ही एकाच रंगाचे होतात आणि पुढचा खड्डा पाय त्यात गेल्यावरच कळतो. अशा दिवशी पिवळी किंवा गुलाबी काच लावा आणि झाडांच्या कडेचे उतार निवडा. झाडाच्या खोडाकडे पाहून जमीन वर जातेय की खाली, एवढं तरी उमगतं.